अधिकार गेला, मान उरला : इंग्लंडचे लॉर्ड लेफ्टनंट आणि आपल्याकडील देसाई

गेल्या वर्षी संविधानाच्या तासाला आमच्या सरांनी एक साधा प्रश्न विचारला. केंद्रात राष्ट्रपती असतात, राज्यात त्यांनी नेमलेले राज्यपाल असतात. मग जिल्ह्यात राष्ट्रप्रमुखाचा प्रतिनिधी कोण? वर्गातून तीन उत्तरे आली. एकाने जिल्हाधिकारी सांगितले, दुसऱ्याने पोलीस अधीक्षक, आणि माझ्या शेजारी बसणारा, कन्नड माध्यमातून आलेला मित्र म्हणाला, "उस्तुवारी सचिव." मराठी माध्यमाची मुले हसली. कारण सचिव म्हटले की आम्हाला मंत्रालयात फायली पाहणारा अधिकारी आठवतो. कन्नडमध्ये मात्र सचिव म्हणजे मंत्री, आणि उस्तुवारी म्हणजे देखरेख. महाराष्ट्रात ज्यांना पालकमंत्री म्हणतात तेच हे. मला दोन्ही भाषा येत असल्याने मी तेवढा खुलासा केला. पण सरांनी तिन्ही उत्तरे चूक ठरवली. "जिल्ह्यात असा प्रतिनिधी आपल्याकडे कोणीच नाही," ते म्हणाले. "इंग्लंडमध्ये मात्र आहे. त्याला लॉर्ड लेफ्टनंट म्हणतात. वाचून ये आणि वर्गात सांग."

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. इंग्लंडच्या राजघराण्याशी माझा संबंध वर्तमानपत्रातील छायाचित्रांपुरता. पण वाचू लागलो तेव्हा हा विषय फार दूरचा वाटेना. उलट आमच्याच गावच्या दसऱ्याचे कोडे त्यात उलगडते आहे असे वाटू लागले. म्हणून वर्गात दहा मिनिटांत जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

लॉर्ड लेफ्टनंट म्हणजे कोण?

इंग्लंडचे प्राचीन काळापासून काउंट्यांत विभाजन झालेले आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. प्रत्येक काउंटीत राजाचा एक प्रतिनिधी असतो, तो लॉर्ड लेफ्टनंट. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड मिळून असे शंभराच्या आसपास प्रतिनिधी आहेत. त्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजा करतो. पद वंशपरंपरागत नाही. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. पगार नाही. पदावर असताना पक्षीय राजकारणात भाग घ्यायचा नाही.

त्यांचे काम काय? राजा किंवा राजघराण्यातील कोणी काउंटीत येणार असेल तर कार्यक्रमाची आखणी करणे आणि दाराशी उभे राहून त्यांचे स्वागत करणे. राजाच्या वतीने पदके व सन्मानपत्रे देणे. कोणाचा सन्मान व्हावा याविषयी शिफारशींवर मत देणे. ज्यांना नव्याने नागरिकत्व मिळाले आहे त्यांच्या समारंभाला उपस्थित राहणे. स्वयंसेवी संस्था, सैनिकांच्या तुकड्या, शाळा, दवाखाने यांना भेटी देणे. मदतीला उपप्रतिनिधी असतात, तेही बिनपगारी.

आता जे काम ते करत नाहीत त्याची यादी पाहावी. ते कर बसवत नाहीत, रस्ता मंजूर करत नाहीत, कोणाची बदली करत नाहीत, कोणाला कामावर ठेवत नाहीत. अर्ज घेऊन त्यांच्याकडे जाण्यात काही अर्थ नाही, कारण अर्जावर शेरा मारण्याचा अधिकारच त्यांना नाही. काउंटीचा कारभार निवडून आलेले कौन्सिल पाहते. ही दुसरी यादी मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईल.

सैन्य उभारणारा माणूस हार घालणारा कसा झाला?

हे पद आरंभी असे निरुपद्रवी नव्हते. त्याआधी काउंटीत राजाचा माणूस म्हणजे शेरिफ. हा शब्दच मुळी 'शायर' म्हणजे काउंटी आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी यांच्या संधीने बनला आहे. आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, १५४० च्या दशकात, फौजेची जबाबदारी शेरिफाकडून काढून लेफ्टनंटाकडे देण्यास सुरुवात झाली. त्या काळी राजाजवळ मोठी खडी फौज नव्हती. काउंटीतील धडधाकट पुरुषांची गणती ठेवायची, त्यांच्या हत्यारांची पाहणी करायची, प्रसंग पडला की त्यांना घेऊन निघायचे, हे काम त्याच मुलखातील एखाद्या वजनदार सरदाराकडे असे. १५८८ मध्ये स्पेनचे आरमार चालून आले तेव्हा किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी माणसे गोळा केली ती याच लेफ्टनंटांनी.

पुढे इंग्लंडचे सैन्य कायमस्वरूपी झाले आणि या सरदारांची गरज कमी कमी होत गेली. १८७१ च्या कायद्याने स्थानिक फौजेवरील त्यांचा अधिकार काढून युद्धखात्याकडे दिला. १९२१ मध्ये, गरज पडल्यास काउंटीतील पुरुषांना शस्त्र घेऊन बोलावण्याचा जो जुना हक्क उरला होता तोही गेला. आता गणवेश उरला आणि स्वागत उरले. पण पद रद्द झाले नाही. १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्याची व्यवस्था नीट लावण्यात आली.

या कायद्यातील एक गोष्ट आमच्या भागातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. कारभाराच्या सोयीसाठी इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या हद्दी वेळोवेळी बदलल्या. म्हणून समारंभाच्या काउंट्या कायद्यात वेगळ्या ठरवल्या आहेत. कारभाराची हद्द एक, मानाची हद्द दुसरी. रटलंड ही इंग्लंडमधील अगदी छोटी काउंटी १९७४ मध्ये शेजारच्या लेस्टरशायरमध्ये विलीन केली गेली. तेथील लोकांना ते रुचले नाही. १९९७ मध्ये तिला स्वतंत्र कारभार परत मिळाला, आणि स्वतःचा लॉर्ड लेफ्टनंटही. नकाशावरची रेघ आणि माणसाच्या मनातील गाव यांचा हिशेब सर्वत्रच सहजासहजी जुळत नाही, एवढे यावरून समजावे.

आपल्याकडील देसाई

आता आपल्या मुलखाकडे येऊ. अगदी लॉर्ड लेफ्टनंट असा शब्द आपल्याकडे नाही. पण राजाच्या वतीने परगण्यात उभा राहणारा स्थानिक माणूस आपल्याकडेही होता. देशावर त्याला देशमुख म्हणत, आपल्या भागात देसाई, आणि कन्नड मुलखात नाडगौड. देशपांडे यांना तिकडे नाडकर्णी हा शब्द. नाड म्हणजे देश. म्हणजे शब्द दोन, काम एकच. बहमनी काळापासून ही वतने चालत आल्याचे दिसते, आणि आदिलशाहीत ती चांगलीच रुजली होती. परगण्यातील जमीन लागवडीखाली आणणे, सारा वसूल करून वर पोचवणे, लोक बाळगून बंदोबस्त ठेवणे, आणि सरकारपुढे रयतेची व रयतेपुढे सरकारची बाजू मांडणे ही त्यांची कामे. मोबदला म्हणून वसुलातील ठराविक हक्क, इनाम जमिनी आणि मानपान.

लॉर्ड लेफ्टनंटाशी यात साम्य आहे तसा एक मोठा फरकही आहे. देसायांचे पद वतनाचे होते, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारे. राजा बदलला तरी देसाई तोच. त्यामुळे राजालाही त्यांचा धाक वाटे. शिवछत्रपतींनी देशमुख-देसायांच्या तटबंद गढ्या पाडल्या आणि वसुलीचे काम आपल्या पगारी कारकुनांकडे घेण्याचा प्रयत्न केला, असे बखरकार सांगतात. मान ठेवावा, पण तट ठेवू नये, असा त्यामागचा विचार असावा.

आपले निपाणी या बाबतीत स्वतःच एक उदाहरण आहे. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर हे आप्पा देसाई निपाणकर म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांना 'सरलष्कर' हा किताब मिळाला. सरलष्कर म्हणजे फौजेचा प्रमुख. आपल्या मुलखातील स्वार-शिपाई घेऊन धन्याच्या मोहिमेत हजर होणारा हा सरदार म्हणजे ट्यूडर काळातील लेफ्टनंटाचा जवळचा भाऊच म्हणायला हवा. १८१८ मध्ये पेशवाई संपली. धनीच उरला नाही, तेव्हा सरलष्कर कोणाचा? १८३९ मध्ये सिद्धोजीराव वारले आणि त्यानंतर कंपनी सरकारने त्यांची जहागीर खालसा केली. त्यांचे नाव आणि वाडा मात्र गावाच्या तोंडी राहिला.

कित्तूरची गोष्ट तर कर्नाटकातील प्रत्येक मुलाला पाठ असते. तेथील राज्यकर्तेही देसाईच. १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्र सर्ज वारले. त्यांनी घेतलेले दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मानले नाही, आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर झालेल्या लढाईत तो मारला गेला. राणी चेन्नम्मांना पुढे बैलहोंगलला कैदेत ठेवण्यात आले आणि १८२९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ही दोन्ही ठिकाणे आजच्या बेळगाव जिल्ह्यातच आहेत. इंग्रजांनी आपल्या देशात सरदाराचा अधिकार तीनशे वर्षांत हळूहळू काढला आणि मान राखला. आमच्याकडे तो एका पिढीत काढला.

जे देसाई उरले त्यांचे काम पगारी मामलेदार आणि कलेक्टर करू लागले. इनाम कमिशनने, म्हणजे १८५२ च्या कायद्याने, त्यांच्या सनदा तपासल्या. १८६४ च्या सुमारास सरकारने त्यांची चाकरी माफ केली, उत्पन्नातील काही भाग कापून घेतला आणि उरलेले चालू ठेवले. १८७४ मध्ये वतनांचा कायदा झाला. शेवटी स्वतंत्र भारतात, मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने, परगणा व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी देसायांचे खाते बंद झाले.

वतनाची दुसरी बाजू

येथवर लिहिले ते वाचून कोणाला वाटेल की जुने ते सर्व गोड होते. तसे नाही. वतन म्हणजे केवळ देसायांचा मान नव्हे. गावगाड्यात ज्याला वतन होते त्या प्रत्येकाला मान होताच असे नाही. महार वतनात तर थोड्या जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस चाकरी होती आणि वर अपमान. एका टोकाला जो मानाचा विडा होता त्याची किंमत दुसऱ्या टोकाला कोणीतरी मोजत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी आपल्या निपाणीत आले होते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले होते.

आमच्या भागात या कायद्यांचाही एक गमतीदार इतिहास आहे. देसायांचे वतन गेले ते मुंबईच्या कायद्याने. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात आलो, आणि गावपातळीवरील वतने गेली ती म्हैसूरच्या १९६१ च्या कायद्याने, १ फेब्रुवारी १९६३ पासून. एकाच गावात देसायांचा निकाल मराठी कागदावर आणि पाटलाचा निकाल कन्नड कागदावर.

आमच्या गावचे शिलंगण

आता मी जे कोडे म्हटले ते सांगतो. आमचे गाव निपाणीजवळच आहे. आमचे घराणे शेतसनदी. म्हणजे सनदेने मिळालेली जमीन कसायची आणि हाक आली की हत्यार घेऊन देसायांबरोबर जायचे. हाक येणे माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळीच थांबले असेल. पण दसऱ्याला पालखीपुढे आबदागिरी धरण्याचा मान अजून आमच्या घराकडे आहे. वडिलांचा खांदा दुखतो, म्हणून गेली दोन वर्षे ती मी धरतो.

आमच्या गावचे देसाई पुण्यात असतात. बँकेतून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ आहेत. गावात त्यांची एक पडकी सोपाची जागा सोडली तर काही नाही. तरी दरवर्षी नवमीला ते एसटीने येतात, आमच्याकडे मुक्काम करतात, दसऱ्याला अर्धा तास पटका बांधून तलवारीने आपट्याच्या फांदीवर पहिला वार करतात, आणि मग गाव सोने लुटते. दुसऱ्या दिवशी ते परत जातात. मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला त्या वर्षी त्यांना विचारले, "काका, एवढ्या लांबून येता. यातनं तुम्हाला मिळतंय काय?" ते म्हणाले, "पाठदुखी." आणि हसून माझ्या आईकडे आणखी एक कप चहा मागितला.

तीन वर्षांपूर्वी त्यांची गाडी वाटेत बंद पडली. फोन आला की दोन तास उशीर होईल. इकडे पालखी माळावर पोचलेली, ऊन कलत चाललेले. तलवार कोणी धरायची? ग्रामपंचायतीचे चालू अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष, दोघांचीही माणसे पुढे सरसावली. एकजण म्हणाला, निवडून आलेल्याचा मान. दुसरा म्हणाला, मग निवडणुकीत पडलेल्यांनी सोने लुटायचे नाही काय? आवाज चढले. कोणाचा तरी पटका खाली पडला. तेव्हा मला प्रथम जाणवले की पाठदुखीशिवाय ज्यांना काही मिळत नाही ते देसाई दरवर्षी येतात म्हणूनच हे भांडण होत नाही. त्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही, म्हणून त्यांच्या हातातील तलवार कोणालाच टोचत नाही.

पण त्याच गर्दीत भीमनगरमधील एक म्हातारे आजोबा उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी हितं हलगी वाजवली. तलवार देसायाकडं, आबदागिरी तुमच्याकडं. आमच्याकडं काय?" कोणीच उत्तर दिले नाही. माझे वडीलही नाहीत, मीही नाही. दिवस मावळता मावळता देसाई पोचले, वार झाला, सोने लुटले. रात्री आजोबांचा प्रश्न त्यांच्या कानावर घातला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मला आधी कोणी सांगितलंच नाही."

प्रजासत्ताकात मान कोणाकडे?

आमच्या माळावर जे घडले ते मोठ्या प्रमाणावर देशातही घडलेले आहे. संविधान तयार झाले तेव्हा संस्थानांच्या जागी आलेल्या काही राज्यांत राजप्रमुख नेमले गेले. १९५० ते १९५६ या काळातील हे राजप्रमुख म्हणजे लॉर्ड लेफ्टनंटाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारे आपले पद. हैदराबादला निजाम राजप्रमुख होते, म्हैसूरला जयचामराज वडियार. सातव्या घटनादुरुस्तीने हे पद रद्द झाले, आणि ज्या दिवशी निपाणी म्हैसूर राज्यात आले त्याच दिवशी वडियार त्या राज्याचे राज्यपाल झाले. त्या दिवसाविषयी आमच्या भागात दोन्ही भाषकांच्या मनात काय काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तो या लेखाचा विषय नाही. पण सत्ता गेलेला राजा राष्ट्रपतींचा प्रतिनिधी म्हणून राहिला, हे नोंदण्याजोगे आहे. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजांचे तनखे व मान्यता दोन्ही गेली. २०२४ च्या निवडणुकीत म्हैसूरहून यदुवीर वडियार आणि कोल्हापूरहून शाहू छत्रपती लोकसभेत गेले, ते मते मागूनच.

राज्यपाल हे पद मानाचे, पण पूर्णपणे मानाचे नाही. राज्यातील सरकार बरखास्त करण्याची शिफारस त्यांच्या अहवालावरून होऊ शकते. १९८९ मध्ये आपल्या राज्यातील एस. आर. बोम्मई यांचे मंत्रिमंडळ असेच गेले. विधानसभेत बहुमत आजमावण्याची संधी मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या निकालात सांगितले की बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावी. मानाच्या पदाच्या हाती थोडासा जरी अधिकार शिल्लक राहिला तरी त्यावरून केवढा वाद होतो, याचे हे आमच्याच राज्यातील उदाहरण.

जिल्ह्यात तर उलटेच आहे. तेथे सर्व मान अधिकाऱ्याकडे किंवा मंत्र्यांकडे आहे. १९७४ पासून १५ ऑगस्टला राज्याच्या राजधानीत मुख्यमंत्री ध्वज फडकवतात, २६ जानेवारीला राज्यपाल. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा पालकमंत्री अथवा उस्तुवारी सचिव असतात. गुणवंत विद्यार्थ्याला पदक देणारा हात आणि रस्त्याचा निधी मंजूर करणारा हात एकच. त्यामुळे ध्वजवंदन संपले की गर्दी होते ती निवेदने घेऊन. यात मंत्र्यांचा दोष नाही, निवेदन देणाऱ्यांचाही नाही. लोकशाहीत निवडून आलेल्याने ध्वज फडकवावा हे योग्यच. पण ज्याच्या पक्षाला आपण मत दिले नाही त्याच्या हातून पदक घेताना मुलाच्या बापाला काय वाटते, हाही प्रश्न आहे.

मुंबईला नगरपाल म्हणजे शेरिफ हे पद इंग्रजांच्या काळापासून चालत आले. वर्षभराचा मान, अधिकार जवळजवळ नाही, पाहुण्यांचे स्वागत आणि शोकसभा ही मुख्य कामे. अभिनेते दिलीपकुमार, क्रिकेटपटू सुनील गावसकर यांनी ते भूषवले. त्यांच्या स्वागताला जाताना कोणाला पक्ष विचारावा लागला नसेल.

समारोप

आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात 'ख्याती' नावाचे एक प्रकरण आहे. इंग्रजीत ज्याला गुडविल म्हणतात ती. धंद्याचा नावलौकिक ही मालमत्ता आहे, पण ती दिसत नाही. तिचा एक नियम असा की स्वतः कमावलेली ख्याती वहीत मालमत्ता म्हणून दाखवायची नसते. पैसे मोजून विकत घेतलेलीच दाखवता येते. पहिल्यांदा हा नियम मला विचित्र वाटला होता. आता वाटतो तितका विचित्र वाटत नाही. जो मान खरा असतो त्याचा आकडा मांडता येत नाही, आणि ज्याचा आकडा मांडता येतो तो मान कोठूनतरी विकत आणलेला असतो.

लॉर्ड लेफ्टनंटाचे पद टिकले ते राजाच्या वैभवामुळे नव्हे, असे मला वाटते. अधिकार सोडल्यामुळे ते टिकले. आणि नुसते अधिकार सोडून भागले नाही. शतकानुशतके ते पद जमीनदार पुरुषांचेच होते. १९७५ मध्ये वेस्ट ससेक्स काउंटीत नॉर्फोकच्या डचेस लव्हिनिया या पहिल्या महिला लॉर्ड लेफ्टनंट झाल्या. २०१५ मध्ये ग्रेटर लंडनला केन ओलिसा हे पहिले कृष्णवर्णीय लॉर्ड लेफ्टनंट नेमले गेले. फार उशिरा झाले, पण झाले. तलवार धरणारा हात बदलू शकतो असे लोकांना दिसले, म्हणून तलवारीचा मान राहिला. आमच्या देसायांनी पहिली अट पाळली आहे. त्यांच्या हाती काही नाही. दुसरी अट गावाने पाळायची आहे.

गेल्या दसऱ्याला देसायांनी स्वतःच गावाच्या बैठकीत सांगितले की आपले वय झाले, यापुढे पहिला वार दरवर्षी वेगळ्या गल्लीतील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषाने करावा, आणि सुरुवात भीमनगरपासून व्हावी. निर्णय झालेला नाही. बैठक पुन्हा बसायची आहे. आमच्या घरातही एकमत नाही. वडील म्हणतात, एकदा तलवार फिरली की आबदागिरीही फिरेल, आणि मग आपल्या घराचे काय राहिले? मी त्यांना उलट बोलत नाही. पण बैठकीत मला विचारले तर आबदागिरीही फिरू द्यावी असेच मी सांगणार आहे. खांदा माझा दुखतो म्हणून नव्हे.

शेवटी दोन भाषांत वाढल्यामुळे लक्षात आलेली एक गोष्ट सांगून लेख संपवतो. कन्नडमध्ये मानाला 'मर्यादे' म्हणतात. एखाद्याला मान द्या म्हणायचे तर 'मर्यादे कोडी' म्हणतात. मराठीत मर्यादा म्हणजे हद्द, सीमा. शब्द एकच, पण नदीच्या एका काठाला त्याचा अर्थ मान आणि दुसऱ्या काठाला हद्द. लहानपणी यावरून आम्ही मित्र एकमेकांची थट्टा करत असू. हा लेख लिहिताना मात्र वाटले की दोन्ही अर्थ मिळूनच तो शब्द पुरा होतो. ज्याला आपली हद्द कळते त्यालाच मान शोभतो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आपल्या जिल्ह्यात असा माणूस कोण, हे वाचकांनीही शोधावे.